भोंग्याचा पहारा

पदक टांगायला खिळा हवा होता, म्हणून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "आजोबा, सोन्याचं आहे का?"

"सोन्याचं असतं तर तुझ्या दारात खिळा मागत उभा राहिलो असतो?"

उभी हयात नौदलात, जहाजाच्या इंजिनखोलीत काढली. त्याचं हे दीर्घ सेवेचं पदक, म्हातारा झाल्यावर पोस्टानं आलं. मी काही शिकलेला नाही, पण एवढं कळतं: मला पदक नको होतं, झोप हवी होती.

इंजिनखोलीत एक रीत होती. पहारा बदलताना जुना गडी नव्याच्या खांद्यावर दोन बोटं ठोकायचा. "पहारा घे." नवा म्हणायचा, "घेतला." तो शब्द कानावर पडेपर्यंत जागा सोडायची नाही. मेलास तरी नाही, असं आम्ही हसत म्हणायचो.

माझा सोबती भोंग्या, आवाज मोठा म्हणून भोंग्या, पहाऱ्यावरच गेला. छातीत कळ आली, बसल्या जागी संपला. बदलीचा गडी खाली उतरला तेव्हा भोंग्या थंडगार. शब्द कोण देणार आणि कोण घेणार?

तर पदक टांगलं, खालच्या खुर्चीत टेकलो. सून आत भांडी घासत होती. डोळा लागला. जळक्या तेलाचा वास आला... खांद्यावर दोन बोटं. ओली.

"पहारा घे..."

एवढ्या दांडग्या आवाजाचा माणूस, पण किती दमून बोलला! जिभेची सवय काही मरत नाही. झोपेतच म्हणून गेलो, "घेतला."

कोणीतरी लांब सुस्कारा सोडला. लोखंडी जिना चढत पावलं वर गेली. आमच्या घराला जिना नाही.

तेव्हापासून होती तेवढीही झोप गेली. डोळे मिटले की जमीन डोलते. खिडकी बंद असली तरी पदक झुलतं.

"बाबा, वाऱ्यानं हलत असेल," सून म्हणते.

"तू तुझं काम बघ."

आज मुलगा दुपारीच घरी आला. शिंपी आहे तो. "बाबा, तुम्ही आडवे व्हा. मी बसतो इथं."

"त्या खुर्चीत बसू नकोस."

"का?"

"सांगतो म्हणून!"

ऐकतो कुठला! बसला आणि पेंगायला लागला. माझा हात आपोआप उचलला गेला. दोन बोटं पुढं... दुसऱ्या हातानं मनगट आवळलं. जीव गेला तरी चालेल, पण पोराला नाही. बोटं वीतभर अलीकडं थांबली. तोंड मी घट्ट मिटलेलं.

तो झोपेतच पुटपुटला, "घेतला."

ही रीत त्याला मी कधीच सांगितलेली नाही.

आणि मला झोप लागली. मेली, काय गोड झोप होती ती!

जाग आली तर जमीन स्थिर. पोरगा ताठ बसलेला, डोळे टक्क उघडे. पदक झुलतंय, आणि त्याच तालावर त्याची मान.

"घेतला रे... मी घेतला..." मघापासून त्याच्यापुढं माझा खांदा करून बसलोय. ठोकायला त्याची बोटं काही उठत नाहीत. सकाळपासून सुईदोरा धरलेली बोटं, आणि नखांत काळं तेल.