लालासाहेबाची शेवटची रात्र

ज्या सुभेदारांच्या मुलाखतीसाठी मी सांगलीहून साताऱ्याला आले होते, ते आलेच नाहीत. एस.टी. स्टँडच्या बाकावर एक जवान कुबडी टेकून बसला होता.

"कुणाची वाट बगताय?"

"लढाईतून आलेल्या माणसाची."

"मग मी काय बाजारातनं आलोय?"

मला हसू आलं. त्याचं नाव कृष्णात. एकाहत्तरच्या लढाईत पाय गेलेला. मी रविवार पुरवण्यांना लेख द्यायची. त्याचीच मुलाखत घेतली. दोस्त लालासाहेबाबद्दल तो म्हणाला, "गोळी लागली आन् जागीच गेला. तरास न्हाई झाला."

एवढं सांगताना त्याने मान वळवली होती. पुन्हा माझ्याकडे बघितलं, तेव्हा नजर मीच खाली घेतली.

प्रश्न राहिलेत म्हणून मी परत गेले... मग आणखी एकदा.

"लय प्रश्न हायती तुमचे, गुणमालाबाई."

"उत्तरं अर्धी देता म्हणून."

"सगळी दिली, तर परत कशाला याल?"

लेख छापायला गेला. आणि मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्याच पलटणीतला रामगोंडा भेटला. "लालासाहेब? रात्रभर तळमळत हुता. कृष्णात शेजारीच पडलेला, पर त्याला हलता येत न्हवतं."

मी लेख परत आणला आणि सातारा गाठला.

"तुम्ही मला खोटं सांगितलंत."

कृष्णातने कुबडी जवळ ओढली. "त्याच्या आईला जे सांगितलं, तेच तुमाला सांगितलं. ती लेख कुणाकडनं तरी वाचून घेणार."

"लेख जाऊ दे. मला खरं हवं होतं... माझ्यासाठी."

तो उठला. "चला मग. आदी तिला सांगतो."

लालासाहेबाची आई, चंद्राबाई, अंगणात शेंगा फोडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या. मग हळूच, "माजं नाव घेतलं का रं त्यानं?"

कृष्णातने मान वळवली. मग म्हणाला, "घेतलं, मावशी. सारखं घेत हुता."

पदर डोळ्यांना लावून त्या आत गेल्या.

हे खरं होतं का, ते वाटेत मी विचारलं नाही.

"आता लेख बी न्हाई," तो म्हणाला. "कशाला याल हिकडं?"

"तुमच्यासाठी येते हे आमच्या घरी कळलं, तर वडील मला घरात घेणार नाहीत."

"मग... नगा येऊ."

"येणार आहे," मी म्हटलं, आणि कुबडीवरच्या त्याच्या हातावर माझा हात ठेवला.