नमुन्याचे आकडे

सूनबाईचं ऑफिस म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. खिडकीच्या भिंतीला टेकवलेलं. एका टोकाला तिचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला माझी भाजीची परडी, आणि मधे मिठाची बरणी म्हणजे आमची हद्द. ती कामाला बसली की मी भांडी वाजवायची नाहीत, आणि मी डुलकी काढत असले की तिने फोनवर मोठ्याने बोलायचं नाही, असा आमचा करार.

माझा मुलगा डोंगराखालून पाण्याचा बोगदा खोदणाऱ्या टोळीचा मुकादम आहे. बोगद्याच्या भिंतींत जागोजागी यंत्रं बसवली आहेत. भिंत केसभर सरकली तरी त्यांना कळतं, आणि ते आकडे एका बाहेरच्या कंपनीकडे जमा होतात. ते तिथून मागवायचे, पडद्यावर दाखवायचे आणि भिंत हलायला लागली की लाल दिवा लावायचा, असा प्रोग्राम लिहिण्याचं काम सुनेकडे आलं होतं. म्हणजे बायकोने लिहायचं आणि नवऱ्याने त्याच्या भरवशावर आत जायचं.

"माझा जीव हिच्या हातात आहे, म्हणून तर भांडत नाही," तो म्हणायचा.

"भांडतोस की," ती वर न बघता म्हणायची.

तिच्या हाताखाली एक मदतनीस होता. माणूस नव्हे, कॉम्प्युटरमधला. काय हवं ते साध्या भाषेत सांगितलं की तो प्रोग्राम लिहून देतो. मी त्याला गडी म्हणायचे. कुरकुर करायचा नाही, आणि चूक दाखवली की आधी माफी मागायचा. घरात एक तरी असा आहे, असं मी मुलाच्या देखत म्हणायचे.

पण गडी आंधळा होता. बोगद्यातले आकडे त्याला दिसत नव्हते. त्यासाठी त्याला त्या कंपनीच्या सेवेशी जोडायला हवं होतं. कंपनीने चावी पाठवली होती. चावी म्हणजे काय, तर अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. त्या दिवशी सकाळी सुनेने ती घातली. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटला. तिने खुर्चीत मागे रेलून हात ताणले.

"जमलं बाई एकदाचं."

"आता काय करेल तो?"

"आता त्याला बोगदा दिसेल, आई. विचारूनच बघते."

तिने विचारलं. लगेच तक्ता आला. मी लसूण सोलता सोलता वाचू लागले. अक्षरं उतारवयात शिकले, त्यामुळे समोर येईल ते वाचायची मला हाव आहे, मग ते साबणाचं पुडकं का असेना. डावीकडे जागांची नावं होती. तोंड, वळण, कोरडा भाग, ओली भिंत, शेवट. टोळीतली माणसं म्हणतात तीच, सुनेने गड्याला सांगून ठेवलेली. उजवीकडे आकडे होते. सगळे बारीक, जागच्या जागी. फक्त ओल्या भिंतीसमोरचे आकडे प्रत्येक ओळीला वाढत गेले होते.

सून पुढे झुकली. "हे बरोबर नाही."

"काय झालं?"

"भिंत सरकतेय. आणि आज हे लोक तिथेच आहेत."

बोगद्यात मोबाइल लागत नाही. तोंडाशी एक फोन आहे, तिथून आत निरोप जातो. सुनेने तो लावला आणि बऱ्याच वेळाने मुलगा फोनवर आला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"नक्की ना? काम थांबवलं तर साहेब माझी चामडी लोळवतील."

"लोळवू देत. आकडे माझ्यासमोर आहेत. सगळ्यांना घेऊन बाहेर ये."

त्याने फोन ठेवला. तो तक्ता साहेबांना पाठवावा म्हणून सुनेने पडदा वर सरकवला, आणि तिचा हात तिथेच थांबला. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक ओळ होती. मी बोट ठेवून वाचली.

'सेवेशी जोडणी होऊ शकली नाही. काम अडू नये म्हणून नमुन्याचे आकडे घेतले आहेत.'

"म्हणजे गं?"

"हे आकडे बोगद्यातले नाहीत, आई. ह्याने मनाने लिहिलेत."

मग तिने मला समजावलं, किंवा स्वतःलाच. त्यांच्या धंद्यात अशीच रीत आहे. खरा माल हाती येईपर्यंत काहीतरी खोटं भरून काम पुढे रेटायचं, शिंपी कच्चा टाका घालतो तसं. आकडे नाही आले तर अडून बसू नकोस, हे गड्याला तिनेच सांगितलं होतं. हिरवा ठिपका गडी जागा असल्याचा होता. तिने तो जोडणीचा समजला. लाल दिवा लागतो की नाही हे बघता यावं म्हणून गड्याने एक भिंत सरकवून दाखवली होती.

"अगं, मग आता?"

"आता काय! खोट्या आकड्यांवर अख्खी टोळी बाहेर काढली मी. मुकादमी मिळून त्याला वर्षसुद्धा झालं नाही." ती पुन्हा फोन लावू लागली. "आत जा म्हणून सांगते."

"दोन घोट पाणी तरी पी."

"नको. साहेब पोचायच्या आत सांगायला हवं."

घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. तिने पुन्हा लावला. पुन्हा नुसती घंटी.

नळाचं पाणी ठिबकत होतं ते मी उठून बंद केलं. दुसरं काही सुचेना.

तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात तिकडूनच फोन आला.

"सगळे बाहेर आहोत," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, खोकत होता. "ओली भिंत खाली आली. सगळीच्या सगळी. आम्ही उभे होतो तिथेच. अगं, ऐकतेयस ना? ड्रिलवाला म्हातारा म्हणतोय, तुझ्या पाया पडायला घरी येणार आहे."

मी तिच्या हातातून फोन घेतला.

"जेवायला येतोस ना?"

तो हसला. रडला असेल, पण मला हसूच ऐकू आलं. आम्ही दोघी तिथेच खाली फरशीवर बसलो. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं. मग ती हसायला लागली, आणि लसणाची सालं उडेपर्यंत मीही.

दोन-चार दिवसांनी साहेब घरी आले. सुनेने काही लपवलं नाही. खोटे आकडे, हिरवा ठिपका, सगळं सांगितलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. कंपनीकडचे खरे आकडे त्यांनी सोबत आणले होते. ओली भिंत शेवटपर्यंत स्थिर होती. यंत्रं तपासून झाली होती, त्यांत बिघाड नव्हता. भिंत सरकली नव्हती, तरी पडली होती.

"योगायोग," साहेब म्हणाले. चहा तसाच ठेवून ते गेले.

सुनेने गड्याला विचारलं, तू तीच भिंत का निवडलीस? त्याने नेहमीच्या गोड भाषेत माफी मागितली. आकडे केवळ उदाहरणादाखल होते, त्यांमागे काही कारण नाही, असं लिहिलं. मग तिने कंपनीकडून चावी चालू करून घेतली आणि जोडणी नीट केली. आता गड्याला खरा बोगदा दिसू लागला.

काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी मुलगा हेल्मेट काखेत मारून टेबलापाशी उभा राहिला.

"ती जोडणी काढ."

"अरे, आता खरे आकडे येताहेत."

"म्हणूनच."

मग तिने जोडणी काढली आणि गड्याकडे नमुन्याचे आकडे मागितले. सगळ्या जागा शांत होत्या. मुलाने श्वास सोडला, बोगद्याच्या तोंडाशी फोन करून टोळीला आत जा म्हणून सांगितलं आणि निघाला.

तेव्हापासून रोज असंच चालतं. साहेबांना कंपनीकडून खरे आकडे जातात, टोळी खोट्यांची वाट बघते. ड्रिलवाला म्हातारा तर त्याशिवाय बुटांच्या नाड्या बांधत नाही म्हणे. आकडे रोज शांत असतात. मुलगा रोज घरी येतो. हात धुतो, ताटावर बसतो, मीठ कमी आहे म्हणतो. मला आणखी काही नको.

आजही आकडे शांत होते. मुलाने पाहिले आणि तो गेला. सून आंघोळीला गेली.

मी सवयीने वाचत बसले. तोंड, वळण, कोरडा भाग, शेवट. ओल्या भिंतीचं नाव आता त्यात नसतं.

'शेवट' या नावाखाली आज एक ओळ जास्त होती. ती जागा टोळीतल्या कोणाच्या तोंडी मी ऐकलेली नाही, आणि सुनेने गड्याला कधी सांगितलेली नाही.

'स्वयंपाकघर, खिडकीची भिंत.'

आकडा अगदी लहान आहे. एवढं तर डोंगर नुसता श्वास घेतानाही हलतो, असं मुलगा म्हणतो.

मी भिंतीला हात लावून पाहिला. गार आहे, गप्प आहे. आतून पाण्याचा आवाज येतो आहे, तो सुनेच्या आंघोळीचा. ती आली की तिला दाखवीन.

तोवर माझी खुर्ची तेवढी दाराकडे ओढून घेतली आहे.