मधाची रेघ

"माझं नाणं कुणीतरी बदललंय," ऑर्विल टीग म्हणाला आणि त्यानं टोपी टेबलावर अशी आपटली की लेलँडची कॉफी सांडली.

मॅक्सीन ओबर ही ओहायोतल्या त्या गावातली एकुलती एक खाजगी गुप्तहेर. लेलँड तिचा नवरा. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो तिची गाडी चालवायचा आणि तिच्या दोन पावलं मागून विचार करायचा. दोन्ही कामं अगदी मनापासून.

"बैस," मॅक्सीन म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

नाणेसंग्राहकांच्या क्लबचं वार्षिक प्रदर्शन जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये भरलं होतं. ऑर्विलनं तिथे चांदीचा एकच डॉलर ठेवला होता. तरुणपणी त्याच्या बायकोनं, विन्नीनं, बँकेतल्या कापडी थैलीतून तो निवडून काढला होता. अर्धी बाजू पांढरीशुभ्र. उरलेली अर्धी वर्षानुवर्षं थैलीच्या कापडाला चिकटून होती, तिच्यावर तांबड्या-निळ्या रंगांची झाक चढलेली. शुक्रवारी नाणं कुलूपबंद पेटीत गेलं. शनिवारी परीक्षक हार्लन प्रूइटनं शेरा मारला: रंग केलेला, बाद.

"आज दुपारी सभा आहे. किंमत वाढावी म्हणून रंगवलेलं नाणं मांडणाऱ्याचं नाव क्लबातून काढतात. माझं गेलं तर गेलं गं. पण ते नाणं विन्नीचं आहे. लोक म्हणतील, तिनंच रंगवलं. ती काही आता उत्तर द्यायला येणार नाही."

"हार्लन चुकला असेल," लेलँड म्हणाला.

चर्चमध्ये कुणी शिट्टी वाजवल्यावर बघावं तसं ऑर्विलनं त्याच्याकडे पाहिलं. "हार्लन? अरे, हार्लन चुकत नाही! म्हणून तर म्हणतोय, त्यानं पाहिलं ते माझं नाणं नव्हतंच."

"तू स्वतः पाहिलंस पुन्हा?"

"बाद झालं की मालकाला दाखवत नाहीत. नियम आहे."

हॉलमध्ये सॉसेज आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास भरला होता. अध्यक्ष जॉयस मिनिक टेबलांवरच्या चिठ्ठ्या सरळ करत होती. त्या पांढऱ्या कार्डांवर पिवळ्या पेनानं मोठमोठे आकडे होते.

"काळं पेन ऐनवेळी संपलं," ती म्हणाली. "नातीच्या रंगपेटीतलं घेतलं. आणि किल्लीचं विचारणार असशील तर ही बघ, गळ्यात आहे. आंघोळीलासुद्धा काढत नाही."

"कुणाला दिली होतीस?"

"कुणाला नाही. डेनीनं फोटो काढला तेव्हा पेटी मीच उघडली. त्याच्या डोक्यावर उभी होते."

"खरंच डोक्यावर," पलीकडून डेनी म्हणाला. हा क्लबचा छायाचित्रकार, बोलायला मोकळा. "मानेवर श्वास लागत होता! हा घ्या शुक्रवारचा फोटो. आणि लेलँड, गंमत ऐकलीस? न डागाळलेल्या पांढऱ्या चांदीच्या वर्गात हार्लननं पहिलं बक्षीस दिलं, ते नाणं चक्क सोनेरी पडलंय. मालक स्वतःच हसतोय. सहज ठेवलं होतं म्हणे."

लेलँडनं मॅक्सीनला कोपरानं ढोसलं. "लाच!" तो कुजबुजला. "परीक्षक विकला गेलाय."

"हळू बोल. चल, त्यालाच भेटू."

हार्लन प्रूइट हात धुऊन येत होता. वय झालेला, ताठ, टायची गाठ रेखीव. दर नाण्याआधी आणि नंतर हात धुणारा माणूस. नाण्याजवळ कुणी बिस्किट खाल्लेलंसुद्धा त्याला खपत नसे. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, खिशाच्या खाली, मोहरीच्या पिवळ्या चटणीचा फराटा होता. सांगावं की नाही, या विचारात लेलँड पडला.

"चांदीवर रंग पायरीपायरीनं चढतो, बाई," हार्लन म्हणाला. "आधी फिकट पिवळा. मग तांबूस, जांभळा, शेवटी निळा. निसर्ग पायरी गाळत नाही. रंगवणाऱ्याला घाई असते, तो गाळतो. त्या नाण्यावर पांढरं संपतं आणि थेट तांबूस सुरू. पहिली पायरीच नाही."

"ऑर्विल तुमचा मित्र ना?"

"त्याच्या लग्नात मी त्याच्या शेजारी उभा होतो." त्यानं टायची गाठ चाचपली. "झोप लागली नाही मला. पण मित्र म्हणून खोटं बोललो, तर माझ्या शब्दाला किंमत काय?" मग चिडून म्हणाला, "आणि या जॉयसला सांगा कुणीतरी. टेबलांवर नुसत्या कोऱ्या चिठ्ठ्या! यंदा सगळाच सावळा गोंधळ."

मॅक्सीननं जॉयसकडून पेटी उघडून घेतली. भिंग लावून एकदा नाण्याकडे, एकदा फोटोकडे पाहिलं. मग ती भिंग पुसत बसली. ती असं करू लागली की लेलँडला भूक लागायची, कारण काम संपल्याची ती खूण होती.

"कुणी बदललं?" त्यानं विचारलं.

"कुणीच नाही. सभेआधी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलाव. बाहेर नको."

स्वयंपाकघरात सहा माणसं आणि कॉफीचं भलंमोठं भांडं. मॅक्सीननं नाणं आणि फोटो शेजारी ठेवले.

"थैलीच्या कापडाची वीण नाण्यावर उमटलीय. नाण्यावरच्या बाईच्या या कानाखाली बघा, एक धागा तुटलेला आहे. फोटोतही तिथेच तुटलेला. असा धागा दुसऱ्या नाण्यावर कोण उमटवणार? हे ऑर्विलचंच नाणं."

ऑर्विल पांढरा पडला. "म्हणजे विन्नीनं..."

"थांब रे. जॉयस, भिंग घे. पांढरं आणि तांबूस यांच्या मधे काय दिसतं?"

"पिवळं," जॉयस म्हणाली. "मधाची बारीक रेघ आहे."

डेनीनं पाहिलं, मान हलवली. लेलँडनंही पाहिलं. रेघ होती. कडेला विरत जाणारी, मऊ.

"पहिली पायरी," मॅक्सीन म्हणाली. मग तिनं हॉलमधून आणलेलं एक कार्ड उचलून हार्लनसमोर अगदी हळूच धरलं. "यावर काय लिहिलंय, हार्लन?"

"कोरं आहे ते."

जॉयसनं कार्डावरच्या मोठ्या पिवळ्या आकड्यावरून बोट फिरवलं. त्या बोटाकडे पाहून हार्लनला कळलं.

"सोनेरी नाणं तुम्हाला पांढरं दिसलं," ती म्हणाली. "लेलँडला लाच दिसली. पण लाच घेणारा सदऱ्यावर चटणी घेऊन हिंडत नाही. तुमच्यासारखा स्वच्छ माणूस तर नाहीच. माझ्या आईनं मोतीबिंदूच्या दिवसांत केकवर पिवळाधमक लेप दिला आणि पांढरा म्हणून वाढला. डोळ्यावर पिवळट काच बसते, हार्लन. मग पांढऱ्यावरचं पिवळं वेगळं दिसत नाही. नियम तुमचा बरोबर. पायरी गाळली ती डोळ्यांनी."

हार्लननं मान खाली घालून सदऱ्याकडे पाहिलं. बोटानं चाचपत डाग शोधला, सापडला. मग त्यानं खिशातलं भिंग काढून जॉयसच्या हातात दिलं.

"सभेत मी सांगेन," तो म्हणाला. "मीच. सोनेरी नाण्याचं बक्षीसही परत घ्यायचंय."

"अरे, ऑपरेशन होतं त्याचं," ऑर्विल म्हणाला. "सकाळी जायचं, दुपारी घरी. मी नेईन तुला. तू नाही म्हणालास तर लेलँडच्या गाडीत घालून नेऊ."

"विन्नीवर शिक्का मारला मी."

"विन्नी हसली असती. तुझा टाय बघून ती तसंही हसायची."

हार्लन दाराशी गेला आणि थांबला. परत येऊन ऑर्विलच्या शेजारी बसला, लग्नात उभा होता तसा, खांद्याला खांदा लावून.

"बाहेर जाण्याआधी एकदा सांग," तो म्हणाला. "कुठून सुरू होते ती रेघ?"

ऑर्विलनं नाणं कडेला धरून उजेडात कलतं केलं.

"हनुवटीपासून," तो म्हणाला. "आधी अगदी फिकट आहे. मग हळूहळू दाट होत जाते बघ."