मिशी उतरवल्यावर

रंगमंचामागच्या वळणावर दोघं धाडकन आदळले. त्याच्या हातून सुटलेलं क्लॅरिनेट तिने वरच्यावर झेललं.

"थँक्स, दादा!" तो धापा टाकत म्हणाला. "रंगमंचासमोरचा वादकांचा खड्डा कुठेय हो? पहिलाच दिवस आहे माझा."

तिने मिशीवरून बोट फिरवलं, आवाज जाड केला. "डावीकडे, पायऱ्या उतरून. पळा!"

ऑपेरातल्या तरुण लेफ्टनंटचं काम ती करायची. ते काम बाईनेच गायची जुनी रीत होती. लष्करी कोट, गुडघ्यापर्यंत बूट, कमरेला तलवार… मध्यंतरात तो परत आला तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन. खड्ड्यात बसून तिचं गाणं ऐकलं होतं ना!

"माफ करा… मी तुम्हाला दादा म्हणालो."

"मग काय, ताई म्हणणार होतात?"

"नको नको! ताई तर मुळीच नको—" त्याने जीभ चावली. ती खळखळून हसली.

मग प्रत्येक मध्यंतरात तो यायचा. ती स्टुलावर बूट टेकवून त्याची मनसोक्त फिरकी घ्यायची. पण खेळ संपला, मिशी उतरली, की ती आरशासमोर बसायची. आरशातली ही बुजरी मुलगी त्याने पाहिलीच कुठे होती? त्याला भावला होता तो लेफ्टनंटचा तोरा! मग ती मागच्या दाराने गुपचूप सटकायची.

शेवटचा खेळ दुपारचा होता. मध्यंतरात तो म्हणाला, "दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय… आजच कळवायचंय. आज तरी पळून जाऊ नका. पुढच्या दाराशी थांबतो."

पुढच्या अंकात तिचा सूर दोनदा हलला. कपडेपटातल्या मावशींनी कोट उतरवून घेतला, तेव्हा तिचे हात गार पडले होते.

"थंडी वाजतेय का गं?"

"नाही, मावशी… भीती."

"त्या क्लॅरिनेटवाल्याची? अगं, तो तुझ्याहून घाबरट आहे. जा!"

बाहेर भुरभुर पाऊस होता. तो पायरीवर उभा होता. तिचा साधा निळा झगा, मोकळे केस… त्याची नजर तिच्यावरून सरकली आणि पुन्हा दाराला लागली. ओळखलंच नाही! असंच निघून जावं… कुणाला कळणार? दोन पावलं तिने टाकलीही. मग थांबली.

"मी आहे."

आवाज ऐकताच तो गर्रकन वळला. बघतच राहिला.

"मला… मिशी लावून बोलते तसं बोलता येत नाही," ती अडखळली. "रोज नायिकेला प्रेम सांगते, तेव्हा शब्द कुणीतरी लिहून दिलेले असतात. आत्ता नाहीयेत. तुम्ही… जाऊ नका. मला आवडता तुम्ही."

त्याच्या भुवईवरून एक थेंब ओघळला, तोही त्याने पुसला नाही.

"बोला ना काहीतरी! जीव टांगणीला लागलाय माझा."

"आत्ताच फोन करून आलो," तो म्हणाला. "येत नाही म्हणून सांगितलं."

"का?"

त्याने हातातली मिटलेली छत्री उघडून तिच्यावर धरली… स्वतः भिजत.

"चला. तुमच्या घरापर्यंत जाता जाता सांगतो," तो म्हणाला. "फक्त… रस्ता लांबचा घ्या."