धरलेली जागा

परदेशी दोन वर्षांच्या कामावर गेलेल्या माणसाचा शनिवार कसा असतो, ते तिकडे राहिल्याशिवाय कळायचं नाही. आठवडाभर कारखान्यात चष्म्याच्या काचा घासायच्या, संध्याकाळी खोलीत येऊन एकट्याने जेवायचं, आणि शनिवार उजाडला की पाठीला पिशवी लावून सुटायचं. आपला धाकटा तसाच सुटायचा. घरी सगळे त्याला धाकटा म्हणत, आपणही तेच म्हणू. खोलीच्या भिंतीवर त्याने एक नकाशा लावला होता आणि पाहून झालेल्या ठिकाणी टाचणी टोचायचा. टाचण्या चाळीसच्या वर गेल्या होत्या. मुदत संपायला दोन महिने उरले होते, आणि बघायचं काही राहून जाऊ नये म्हणून गडी नुसता कासावीस झाला होता.

त्या शनिवारीही तो सकाळी आठच्या बसमध्ये चढला. डोंगरातलं तळं बघायचं होतं. अंगात नवा कोरा हिरवा स्वेटर, कालच आणलेला. मधल्या रांगेत खिडकीजवळची जागा रिकामी दिसली म्हणून तो तिकडे वळला, आणि वाकता वाकता थबकला. सीटवर रुमाल पसरलेला होता. पांढरा, कडेला निळा दोरा, एका कोपऱ्याला गाठ मारलेली.

आता तुम्हाआम्हाला यात काय नवल? आपल्याकडे गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतात आणि जागा धरतात. पण तिकडे माणसं रांगेने चढायची, रांगेने बसायची. रुमाल टाकायची वेळच कुणावर येत नसे.

धाकट्याची आई मात्र या कामात वस्ताद होती. गुडघे दुखायचे, पण गर्दीतून तिचा हात असा जायचा की रुमाल बरोबर खिडकीच्या सीटवर. त्या रुमालाला कायम निलगिरीच्या तेलाचा वास. काही काम राहिलं असलं की ती कोपऱ्याला गाठ मारायची, आणि काम झाल्याशिवाय ती गाठ सुटत नसे.

बसमध्ये तोच वास येत होता.

"इथे कुणी बसलंय का?" त्याने शेजारच्या म्हातारीला विचारलं.

"नाही. पण मी चढले तेव्हापासून तो आहे."

तो मागे जाऊन उभा राहिला. रुमाल काय, कुणाचाही असेल, जगात पांढऱ्या रुमालांचा दुष्काळ पडलाय का, असं त्याने मनाला बजावलं. पण मनच खात होतं, त्याला तो काय बजावणार?

गोष्ट अशी होती. आईला त्याच्याकडे यायचं होतं. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या बॅगा भरल्या, स्वतः कधी कुठे गेली नाही. "तुझ्याकडे येते रे, चार ठिकाणं दाखव," एवढंच तिचं मागणं. त्यासाठी मुलाने बोलावणं पाठवायला हवं होतं. एक अर्ज, घरमालकिणीची सही आणि आईचे दोन फोटो. अर्ध्या दिवसाचं काम. धाकट्याला सुट्टी शनिवारीच, आणि ती कचेरी शनिवारी सकाळी उघडी असायची. आईने ठेवणीतली साडी नेसून फोटो काढले आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टात टाकले. ते पाकीट इकडे टेबलाच्या खणात पडलं. या शनिवारी किल्ला, पुढच्या शनिवारी धबधबा, त्याच्या पुढच्या शनिवारी मित्रांबरोबर बेट. आईचा फोन आला की म्हणायचं, "कागद कचेरीत अडकलेत गं आई."

"असू दे रे. कचेरीची कामं अशीच. तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस."

वर्षभर तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. आणि ती गेली तीही शनिवारीच. धाकटा त्या वेळी एका गुहेत होता, भिंतींवरची हजार वर्षांपूर्वीची चित्रं बघत. वर येऊन पाहतो तर घरून थोरल्या दादाचे अकरा फोन येऊन गेलेले.

त्याला सात महिने झाले होते. आणि निर्लज्जपणा बघा, टाचण्या टोचणं काही थांबलं नव्हतं.

तळ्यावर पोचल्यावर तो होडीत चढला. पाणी उडून सगळ्या फळ्या ओल्या झालेल्या. एकच जागा कोरडी होती, आणि तिच्यावर रुमाल.

"बसा," नावाडी म्हणाला, "तुमची जागा ठेवलीय."

"कुणी ठेवलीय?"

नावाड्याने खांदे उडवले आणि दोरी सोडायला लागला. धाकट्याने काठावर उडी मारली. चहाच्या टपरीमागे जाऊन त्याने दादाला फोन लावला, आणि सात महिने मनात दाबलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं.

"दादा, कागद अडकले नव्हते. मी अर्ज भरलाच नाही. शनिवारी... फिरायला जायचो."

"मला ठाऊक होतं," दादा म्हणाला. "मी त्या कचेरीला पत्र घालून विचारलं होतं. आईला सांगितलं नाही. तिला कसं सांगणार..."

"दादा, ती इथे आली आहे. माझ्या शेजारची जागा धरते. तिला फिरायचं होतं ना, म्हणून..."

"काय बोलतोयस?"

त्याने रुमालाचं सांगितलं. निळा दोरा, गाठ, वास. दादाचा आवाज एकदम खाली गेला.

"हे बघ... आईने कधी स्वतःसाठी जागा धरली होती का? ती आपल्यासाठी धरायची, आणि आपण बसलो की स्वतः उभी राहायची. शेवटच्या दिवशी तेच बोलत होती. मी पुढे जाते, म्हणाली, धाकट्याची जागा धरून ठेवते. मला वाटलं, तापात बरळतेय."

"आणि रुमाल? तो घरातच असेल ना?"

"मूठ उघडेना तिची. म्हणून तिच्या हातातच राहू दिला. तिच्याबरोबरच गेला तो..." दादाने श्वास घेतला. "तू आजच्या आज खोलीवर जा. आणि कुठे बसू नकोस. ऐकतोयस ना, कुठेही बसू नकोस."

परतीची बस दुपारी दोनची. खचाखच भरलेली, माणसं उभी, आणि मधल्या रांगेत खिडकीची ती एक जागा तेवढी रिकामी. उभ्या माणसांपैकी कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. "चला, तुमच्यासाठीच थांबलोय," चालक म्हणाला. धाकटा पायरीवरून खाली उतरला. बस निघून गेली.

थांब्यावर तो एकटाच राहिला. लख्ख ऊन पडलेलं, समोर तळं, आणि निलगिरीच्या वासाने डोळे चुरचुरायला लागलेले. थांब्याच्या बाकावर रुमाल होता.

तो बसला नाही. पण त्याला रडू कोसळलं. ती गाठ कशाची आहे, हे त्याला कळलं असं वाटलं. काम राहिलंय ना, कागदांचं काम, मग गाठ सुटणार कशी? "आई, चुकलो गं," तो म्हणाला. "थापा मारल्या तुला. रागाव, पण आता ही गाठ सोड." ती काय सोडणार? शेवटी उभ्यानेच वाकून त्याने स्वतःच्या हाताने ती गाठ सोडली. आत काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं.

अर्जाला लागतात तसे दोन फोटो. खणातलेच आईचे फोटो असणार, असं समजून त्याने ते उलटून पाहिले.

फोटो त्याचे होते. समोर बघणारे, दोन्ही कान दिसतील असे काढलेले, नियमाप्रमाणे. अंगात हिरवा स्वेटर होता. त्या स्वेटरवर त्याने अजून एकही फोटो काढला नव्हता.

एका फोटोवर कचेरीचा शिक्का उठला होता, अजून ओला. बोलावणं पाठवायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, आणि आईने कुठलंच काम कधी पुढच्या शनिवारवर ढकललं नव्हतं.