बिनशिवणीची बाही

"ओतू का?" बादली उचलून नवऱ्यानं विचारलं, आणि सूनबाई संडासाच्या नव्या भांड्यामागे वाकून बसली.

ओतली. भांड्यात खळखळ झाली, पाणी मागच्या नळात शिरलं... क्षणभर सगळं कोरडं! तिच्या जिवात जीव येतो न येतो तोच भांड्यामागच्या जोडावर एक थेंब फुटला, मग दुसरा, मग रांगेनं सगळेच... नेमके सुईच्या भोकांमधून!

बाहेर खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, "अजून किती वेळ रे? मला धरवत नाही आता."

खुब्याचं हाड बसवून त्यांना दुपारीच दवाखान्यातून घरी आणलं होतं. परसातल्या संडासाच्या पायऱ्या आता त्यांना जन्मात उतरता येणार नव्हत्या, म्हणून सूनबाईनं आपली शिलाईची खोली रिकामी केली होती. जिथे बसून तिनं अर्ध्या गल्लीचे कपडे शिवले, तिथे आता हे पांढरं भांडं! ती खोली कुणी मागितली नव्हती. पण दिली नसती तर बोलायला सगळेच होते.

भांडं मिळालं, अडलं ते जोडावर. भुईतला नळ जुन्या मापाचा, भांडं नव्या मापाचं, आणि दोघांना सांधणारा तुकडा दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे हल्ली कुणी बनवतच नाही. प्लंबरनं हात वर केले. "उद्या गळलं तर शिव्या मलाच," असं म्हणून तो चहा तेवढा पिऊन गेला. मग शिंपिणीनं शिंपिणीसारखाच विचार केला. टेपनं घेर मोजला, घरात पडलेली स्कूटरच्या चाकाची जुनी ट्यूब फाडून पट्टी काढली, तिची गोल बाही केली आणि मशीनवर दुहेरी शिवण मारली. कापड असतं तर कुणाची नावं ठेवायची छाती झाली नसती! पण रबराला सुई टोचली की भोक कायमचं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आता आईला काय सांगू?" नवरा पुटपुटला, आणि तिला त्यात सगळं जुनं ऐकू आलं.

सासूबाई ज्या पहाटे परसात पडल्या, तेव्हा शुद्धीवर येताच म्हणाल्या होत्या, "मी हाक मारली, हिनं ऐकली नाही." ते वाक्य घरात रुजलं. नवऱ्यानंही मान खाली घालून ते खरं मानलं. तिनं एक शब्द उलट काढला नाही. काढणार तरी कशी? हाक खरंच आली असेल आणि आपण मेल्यासारख्या झोपलो असू तर...! त्या भीतीनं तिची झोप उडाली ती उडालीच. आणि आज पुन्हा... हा जोड ऐन वेळी सुटला, भुईवर पाणी झालं, त्यावरून म्हातारीचा पाय सटकला, तर?

"शिवणच नको!" ती एकदम म्हणाली. "न फाडलेली ट्यूब हवी. गोलच्या गोल कापली की आयती बाही!"

नवरा उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे हात काळे झाले होते आणि हातात स्वतःच्या स्कूटरच्या चाकातून काढलेली ट्यूब होती.

"अहो, उद्या कामावर कसे जाल?"

"चालत. काप तू."

तिनं कात्री चालवली. साबणाच्या पाण्यानं ओली केलेली ती बाही दोघांनी ओढून ओढून नळावर चढवली, भांडं मागे सरकवून दुसरं टोक त्याच्या मागच्या तोंडावर घेतलं, दोन्हीकडे तार आवळली, बोल्ट पिळले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, तरी हसू कुणालाच आलं नाही. बादली ओतली. आणखी एक ओतली. तिनं जोडाखालून बोटं फिरवली... कोरडी!

वॉकर टेकत टेकत सासूबाई आत गेल्या. दार लोटून ती बाहेर उभी राहिली, दाराखालच्या फटीकडे डोळे लावून. पाणी आलं नाही. पण आतून आवाजही येईना.

"आई? बऱ्या आहात ना?"

ती दार ढकलणार, तोच आतून हुंदका आला.

"तुझी खोली होती ना गं ही?"

"आता तुमची आहे. रडताय कशाला? दुखतंय का?"

"मी हाक मारली नव्हती."

तिला कळेना. "कधी?"

"त्या पहाटे... कुणाचे उपकार नकोत म्हणून एकटीच निघाले. पडले, आणि भ्याले गं! हिला एकटं सोडता येत नाही, हिला कुठेतरी नेऊन ठेवा, असं म्हणाल तुम्ही... म्हणून तुझ्यावर ढकललं."

मागे नवऱ्याच्या हातातली बादली भुईवर टेकली. सूनबाई भिंतीला धरून खाली बसली. राग आला, हो, भयंकर आला!

"मी तेव्हापासून झोपले नाही हो, आई! मला वाटायचं, मीच..."

"माहीत आहे. दवाखान्यात माझ्या खाटेशी सतरंजीवर तू बसून राहायचीस, आणि मी डोळे मिटून जागी असायचे. तोंड उघडायला धजलेच नाही."

"मी तरी तिला कधी विचारलं?" नवरा घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि बायकोशेजारी खाली बसला. तिनं पदरात तोंड खुपसलं. इतक्या दिवसांचं रडू एकदमच आलं.

बऱ्याच वेळानं तिनं दार उघडलं, सासूबाईंना धरून उठवलं. त्यांनी वॉकर सोडून तिचाच दंड घट्ट पकडला.

"आज तू झोप," सासूबाई म्हणाल्या. "लागलं तर मी हाक मारीन. खरंच मारीन."