मधली चौकट

ताईचं काम कोणाला चटकन समजावून सांगता येत नसे. "आकृत्या काढते," एवढंच ती म्हणायची, आणि समोरचा "अच्छा, चित्रकला" म्हणून मोकळा व्हायचा. तिने कधी वाद घातला नाही. कंपन्या तिला आपापला पसारा पाठवत: कोण कोणाच्या हाताखाली, कुठलं यंत्र कुठल्या यंत्राला जोडलेलं, माल येतो कुठून नि जातो कुठे. ताई त्याच्या चौकटी करायची, चौकटींमध्ये रेषा ओढायची आणि सॉफ्टवेअरला सांगायची, लाव आता. याला ऑटो-लेआउट म्हणतात. बटण दाबलं की विस्कटलेल्या चौकटी सरकतात आणि रेषा एकमेकींना कमीत कमी छेदतील अशा बेताने बसतात. मात्र त्याआधी पर्याय नीट भरावे लागतात. दिशा वरून खाली की डावीकडून उजवीकडे, दोन चौकटींत अंतर किती, रेषा सरळ की काटकोनात. नवख्या गिऱ्हाइकांना ती फोनवर एक गोष्ट हमखास बजावायची, "एखादी चौकट लॉक केलीत ना, की ती जागची हलणार नाही. बाकीच्या सगळ्या तिच्या सोयीने बसतील. तेव्हा लॉक जरा जपून करा."

हे काम ती घरूनच करायची, कारण आतल्या खोलीत बाबा होते.

बाबा एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. साधा स्क्रू दुसऱ्या खणात गेलेला त्यांना खपत नसे. संध्याकाळी सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवायचे, "जागच्या जागी" असं पुटपुटायचे आणि कुलपात किल्ली फिरवायचे. निवृत्त झाल्यावर घराचंही त्यांनी भांडार केलं. चपला, छत्र्या, पोरं, सगळं जागच्या जागी आहे ना हे बघायचे आणि हवेतच, किल्ली धरल्यासारखे, अंगठा नि बोट फिरवायचे. पोरं हसायची. पुढे आई गेली, मग बाबांना झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. हात चादरीवर जिथे ठेवावा तिथेच राहायचा. बोलणंही आटलं. पाणी, लाईट, आणि ताईच्या चपलांचा आवाज आला की "कुठे निघालीस?" एवढंच शिल्लक राहिलं.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. महिन्याकाठी एखादा फोन, तोही रविवारी, गाडी धुता धुता. "ताई आहे म्हणून मी निर्धास्त आहे," असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा. निर्धास्त राहायला त्याच्या बापाचं काय जात होतं? बाप तर इथे होता.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर ताईला एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. लांबच्या शहरात, हाताखाली माणसं, स्वतःची खोली. याआधी अशा दोन संधी तिने सोडल्या होत्या, आणि एक माणूसही. तो माणूस वाट बघून बघून कंटाळला, त्याला तरी दोष कसा द्यायचा? ही संधी शेवटची होती. दोन महिन्यांनी, एक तारखेला हजर व्हायचं होतं. तिने भावाला फोन लावला.

"अगं जा ना, जरूर जा," तो म्हणाला. "फक्त बाबांचं काय करायचं ते बघ."

"तेच विचारतेय. तू नेशील का त्यांना?"

"माझी नोकरी म्हणजे तुला माहितीये. आणि तुझं काम काय, कुठूनही होतं गं." आणि लगेच विषय बदलत, "बरं ऐक, बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळे जमणारेत. तू घराण्याचा वंशवृक्ष काढ की. भिंतीवर लावू. तुझ्या तर डाव्या हातचा मळ."

ताईने फोन ठेवला आणि वंशवृक्ष काढायला बसली. राग आला की ती कामाला बसायची, ही तिची जुनी खोड.

आजोबा, पणजोबा, काका, आत्या, त्यांची पोरंबाळं. दिशा वरून खाली, रेषा काटकोनात, अंतर ऐसपैस. बटण दाबलं. सगळं खानदान शिस्तीत उभं राहिलं. फक्त ताईची चौकट बाबांच्या चौकटीला खालून चिकटली होती. मध्ये रेषा दिसायलाही जागा नाही.

तिने अंतर वाढवलं. चुलत भावंडं लांब लांब सरकली, धाकटा तर पानाच्या कडेला गेला. तिची चौकट तिथेच. लॉक पाहिलं, लागलेलं नव्हतं. फाइल फेकून दिली आणि नवी केली, नावं उलट्या क्रमाने भरली. ये रे माझ्या मागल्या. शेवटी वैतागून तिने आपली चौकट माउसने पकडली आणि बाजूला ओढली.

"कुठे निघालीस?" आतून बाबा म्हणाले.

ती उठून आत गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे मिटलेले. तिच्या पायांत चपला नव्हत्या. परत येऊन पाहते तर चौकट पुन्हा बाबांच्या खाली.

योगायोग, ताई स्वतःशी म्हणाली. ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. सॉफ्टवेअरवरसुद्धा तिचा बेताचाच विश्वास होता. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बसली आणि नीट तपासून पाहिलं. काकाची चौकट ओढली, काही नाही. आत्याची ओढली, काही नाही. आपली अगदी हळू, केसभर सरकवली.

"कुठे निघालीस?"

तिने हात काढला. चौकट माघारी सरकली. आत बाबा घोरू लागले.

चहा तसाच निवला. मग तिने, का कोण जाणे, कडेची भावाची चौकट पकडली आणि ओढत ओढत बाबांच्या शेजारी आणली.

फोन वाजला. धाकटा होता. भर दुपारी, कामाच्या दिवशी.

"ताई, बाबा ठीक आहेत ना? काही नाही गं, मीटिंगमध्ये बसलो होतो, एकदम वाटलं, उठावं आणि तिकडे यावं."

"मग ये ना," ताई म्हणाली.

तो हसला. "बघू. जमवतो." आणि त्या 'जमवतो'ने ताईचं डोकं फिरलं. इतकी वर्षं ती हे 'जमवतो' ऐकत आली होती. औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं, अंथरूण बदलणं, सगळं तिने जमवलं होतं आणि निर्धास्त हा होता. शहाण्या बाईने अशा वेळी आपली चौकट लांब नेऊन लॉक केली असती. बाबा हाका मारोत नाहीतर काही होवो. पण रागाला कुठे अक्कल असते? तिने बाबांची चौकट लॉक केली, त्या चौकटीच्या शेजारी, त्याच ओळीत, भावाची लॉक केली, म्हणाली, "आता जमव," आणि बटण दाबून लॅपटॉप मिटला. निकाल बघितलासुद्धा नाही.

आठवडाभरात भावजयीचा फोन आला. धाकटा ऑफिसच्या जिन्यावरून पडला होता. जीव वाचला, पण कमरेखाली काही कळत नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, वेळ लागेल. किती ते सांगत नव्हते.

"ताई, माझी नोकरी, मुलांच्या परीक्षा, मी एकटी कुठे कुठे पुरणार?" ती रडत होती, आणि खरंच रडत होती. "थोडे दिवस तुमच्याकडे ठेवू का ह्यांना? तिथे सगळं आहेच. आणि तुम्हाला सवय आहे."

ताईला हो म्हणायचं नव्हतं. पण जिन्यावरून पडलेल्या भावाला नाही कसं म्हणायचं? तेही लॉक आपणच लावल्यावर?

आतल्या खोलीत दुसरी खाट लागली. बाबांच्या खाटेला लागून, एका ओळीत. धाकटा छताकडे बघत पडायचा. "ताई, तुला त्रास," असं पहिले काही दिवस म्हणायचा. मग म्हणायचा थांबला.

एक तारीख तोंडावर आली. नव्या कंपनीतून विचारणा झाली, येताय ना? ताईने बॅग भरून दाराशी ठेवली, दोघांसाठी बाई ठरवली, आणि सकाळी, निघायच्या आधी, मिटलेली ती फाइल उघडली.

वर दोन चौकटी, शेजारी शेजारी. खाली, दोघांच्या बरोबर मधोमध, तिची. दोन रेषा तिच्यात उतरत होत्या. एक बाबांकडून. दुसरी भावाकडून, जी तिने कधी ओढलीच नव्हती.

बाकीच्या सगळ्या तिच्या सोयीने बसतील. किती जणांना तिने हे सांगितलं होतं.

तिने भावाचं लॉक काढलं. चौकट हलली नाही. रेषा पुसली. ती परत आली.

ताईने दातओठ खाऊन आपली चौकट पकडली आणि पानाच्या कडेकडे ओढली. रेषा ताणल्या गेल्या.

"कुठे निघालीस?"

दोन आवाज. एकदम. एकाच चालीत.

तिने सोडली नाही. कड बोटभर राहिली होती.

"कुठे निघालीस?"

धाकट्याचा आवाज आता वेगळा ओळखू येत नव्हता. ताईची बोटं माउसवर ओली झाली, निसटली. चौकट हळूहळू मागे गेली, दोघांच्या मध्ये बसली, आणि तिच्या कोपऱ्यात एक छोटं कुलूप उमटलं.

ती आत गेली. धाकटा जागा होता.

"ताई," तो घाबरून म्हणाला, "आत्ता मी काही बोललो का गं?"

ताई बाबांकडे बघत होती. बाबांनी डोळे उघडले होते. त्यांनी खोलीवरून सावकाश नजर फिरवली, आधी धाकट्यावरून, मग तिच्यावरून.

"जागच्या जागी," ते स्पष्ट म्हणाले.

आणि चादरीवरच्या त्यांच्या लुळ्या, उजव्या हाताचा अंगठा नि बोट हवेत एकदा फिरले.